'नेसिअन्स' आणि नेणीव

इंग्रजीच्या मोठ्या कोशांत 'नेसिअन्स' असा एक शब्द आढळतो. वर्तमानपत्रांत तो सहसा दिसत नाहीं, बोलण्यांत तर जवळजवळ येतच नाहीं. आणि इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे अशा पुष्कळ सुशिक्षितांनाही त्याचा अर्थ कोश उघडल्यावांचून सांगतां यावयाचा नाहीं. ठाऊक नसणें, ज्ञान नसणें, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. मग त्याच अर्थाचा 'इग्नोरन्स' हा चलनी शब्द हाताशीं असतां या आडवळणी शब्दाची उठाठेव कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हे दोन शब्द समानार्थी दिसत असले तरी एकार्थी नाहींत. त्यांच्यांतील अंतर एकदां ध्यानांत आलें म्हणजे घरांतील लहान मुलांशीं व थकलेल्या वडील माणसांशीं आपण रोज कसें वागतों, याचाही थोडा निराळा विचार सुचतो. शिवाय या शब्दाचें एक नातें आपल्या वेदान्ताशीं व दुसरें खास मराठीशीं पोंचतें. तेव्हां थोडी वाट वांकडी करून त्याच्या कुळाची चौकशी करावयास हरकत नाहीं.

हा शब्द इंग्रजींत सतराव्या शतकाच्या आरंभीं आला. त्याचें माहेर लॅटिन भाषेंत. त्या भाषेंत 'स्कीरे' म्हणजे जाणणें, आणि त्यास 'ने' हा निषेधवाचक जोडून 'नेस्कीरे' म्हणजे न जाणणें. त्यापासून उत्तरकालीन लॅटिनांत 'नेस्किएन्तिया' हें नाम बनलें व त्याचेंच इंग्रजी रूप 'नेसिअन्स'. 'स्कीरे' या धातूचा गोतावळा मोठा आहे. शाळेंतला 'सायन्स' हा त्याचाच. मनोदेवतेला इंग्रजींत 'कॉन्शन्स' म्हणतात तोही त्याचाच. सर्वज्ञतेचा वाचक 'ऑम्निसिअन्स' आणि पूर्वज्ञानाचा वाचक 'प्रेसिअन्स' हेही त्याच घराण्यांतले. भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन धातूचा संबंध कापणें, वेगळें करणें या अर्थाच्या प्राचीन मूळाशीं जोडतात. आपल्या संस्कृतांतील 'छो' धातु, ज्याचें रूप 'छ्यति' असें होतें, तो त्याच मूळाचा मानला जातो. ज्ञान म्हणजे एक वस्तु दुसरीपासून निवडून काढणें, ही कल्पना आपल्याला परकी वाटूं नये. 'विवेक' हा आपला शब्दही वेगळें करणें या अर्थाच्या 'विच्' धातूपासूनच झाला आहे. तांदुळांतून खडे निवडणारी गृहिणी आणि आत्मा व अनात्मा यांची निवड करणारा वेदान्ती हे दोघेही मूळ अर्थानें विवेकच करीत असतात.

'इग्नोरन्स' शब्दाचें कूळ मात्र निराळें. त्यांतील 'ग्नो' हा अवयव म्हणजे आपला 'ज्ञा' धातु. ग्रीक 'ग्नोसिस', लॅटिन 'ग्नोस्केरे', इंग्रजी 'नो', हीं सारीं भावंडें. इंग्रजींत 'नो' लिहितांना आरंभीं जो अनुच्चारित 'के' लिहावा लागतो व ज्याबद्दल आपलीं मुलें कुरकुर करितात, तो या मूळच्या 'ग'चाच अवशेष होय. म्हणजे 'इग्नोरन्स' आणि 'अज्ञान' हे शब्द केवळ भाषांतरानें नव्हे, तर रक्तानेंही एक आहेत. आपल्या 'अविद्या' शब्दालाही इंग्रजींत एक दूरचा भाऊबंद आहे. 'विद्' धातूशीं सगोत्र असा 'विट्' हा इंग्रजी धातु आहे, व त्यापासून 'अन्विटिंग' म्हणजे नकळत करणारा, असें विशेषण होतें. एका न जाणण्याला युरोपांत आणि भारतांत मिळून किती वंश लाभले आहेत, हें पाहून कौतुक वाटतें.

आतां मराठीकडे येऊं. 'नेस्कीरे' या शब्दाची मौज अशी कीं, त्यांत नकार क्रियापदाबाहेर उभा राहत नाहीं. तो त्याच्या पोटांत शिरून त्याच्याशीं एकजीव होतो. 'जाणत नाहीं' असे दोन शब्द न करितां न जाणण्याचेंच एक स्वतंत्र क्रियापद लॅटिनानें केलें. जुन्या इंग्रजींतही असेंच 'न्युतान' हें क्रियापद होतें, तें पुढें लोपलें. आपल्या मराठीनें तर ही रीत मोठ्या आवडीनें चालविली. न आणि जाणणें मिळून 'नेणणें'; न आणि असणें मिळून 'नसणें'; तसेंच संतांच्या वाणींत पदोपदीं भेटणारे 'नेदी', 'नेघे', 'नलगे'. प्राकृतांतील 'ण याणइ' या दोन पदांचा सांधा झिजत झिजत 'नेणे' असें एक पद झालें, आणि त्यापासून 'नेणता' व 'नेणीव' हे शब्द आले. यास्तव 'नेसिअन्स' शब्दाला घडणीनें व अर्थानें अगदीं तंतोतंत जुळणारा शब्द संस्कृत कोशांत शोधण्याची गरज नाहीं. तो आपल्या आजीच्या तोंडींच होता. 'नेणतें लेकरूं आहे, त्याला काय कळतें!' असें जी म्हणे, तिला लॅटिन येत नव्हतें. पण 'नेसिअन्स' आणि 'इग्नोरन्स' यांतला भेद तिला चांगला समजत होता.

तो भेद शास्त्रीय रीतीनें मांडला तो तेराव्या शतकांतील ख्रिस्ती धर्मपंडित टॉमस अक्वायनस यानें. त्याच्या मोठ्या धर्मशास्त्रग्रंथांत, अज्ञान हें पाप होऊं शकतें काय, असा प्रश्न आहे. त्याचें उत्तर देतांना तो म्हणतो कीं, ज्ञानाचा केवळ अभाव ती 'नेस्किएन्तिया'. परंतु जें जाणण्याची योग्यता अंगीं आहे, तें न जाणणें ती 'इग्नोरान्तिया'. या पहिल्या अर्थानें देवदूतांच्या ठिकाणींही नेणीव संभवते, कारण त्यांनाही सर्व कांहीं ठाऊक नसतें. आणि त्यांत त्यांना कमीपणा कांहींच नाहीं. पुढें तो असें सांगतो कीं, भूमितीचे सिद्धान्त ठाऊक नाहींत म्हणून सामान्य माणसाला कोणी दोष देत नाहीं. जें जाणणें आपल्या कुवतीबाहेरचें आहे त्याबद्दलही दोष नाहीं. पण जें जाणणें आपलें कर्तव्य होतें व जें जाणतां येण्यासारखें होतें, तें आळसानें वा बेपर्वाईनें जाणलें नाहीं तर मात्र तें पाप होय. दगडाला दृष्टि नाहीं म्हणून आपण दगडाला आंधळा म्हणत नाहीं. ज्याला दृष्टि असावयास हवी होती व नाहीं, त्यालाच आंधळा म्हणतों. नेणीव आणि अज्ञान यांचें नातें असेंच आहे.

'इग्नोरन्स' याच शब्दाच्या पुढच्या इतिहासानें या भेदाला जणूं दुजोराच दिला. त्याच कुळांतील 'इग्नोर' हें क्रियापद आरंभीं नुसत्या न जाणण्याचें वाचक होतें. पुढें त्याला जाणूनबुजून दुर्लक्ष करणें, दिसत असतां न पाहिल्यासारखें करणें, हा अर्थ आला व आज तोच रूढ आहे. कायद्यांतील प्रसिद्ध लॅटिन वचन, म्हणजे कायदा ठाऊक नव्हता ही सबब चालत नाहीं, त्यांतही योजलेला शब्द 'इग्नोरान्तिया' असाच आहे. ज्याची चौकशी करणें नागरिकाला शक्य होतें व त्याचें कामही होतें, त्याचें न जाणणें क्षम्य नाहीं, असा त्याचा आशय.

परंतु त्याच कायद्यानें खऱ्या नेणिवेला मात्र अभय दिलें आहे. सन १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८२ व्या कलमानें सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंही कृत्य गुन्हा मानलें नव्हतें. आणि ८३ व्या कलमानें सात ते बारा या वयांतील मूल आपल्या कृत्याचा परिणाम समजण्याइतकें परिपक्व नसेल तर त्यालाही सोडिलें होतें. ता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २० व्या व २१ व्या कलमांत हेंच तत्त्व कायम आहे.

आपल्या परंपरेंत हें तत्त्व फार मागें, एका ऋषीनें शाप देऊन प्रस्थापित केलें आहे. महाभारताच्या आदिपर्वांतील मांडव्याची कथा वाचकांस ठाऊक असेल. मौनव्रत धरून बसलेल्या या ऋषीच्या आश्रमांत चोरांनीं चोरीचा माल लपविला व राजानें ऋषीलाच अपराधी समजून सुळावर चढविलें. तपोबलानें तो जगला. पुढें त्यानें धर्माला गांठून विचारिलें कीं, माझें असें कोणतें पाप होतें? धर्म म्हणाला, लहानपणीं तूं किड्यांना काडी टोंचीत होतास, त्याचें हें फळ. तेव्हां मांडव्य संतापला. एवढ्याशा कृत्याला एवढें शासन करणाऱ्या धर्मालाच त्यानें मनुष्यजन्म घेण्याचा शाप दिला, व तोच विदुर होऊन जन्मला. त्याच वेळीं मांडव्यानें मर्यादा घालून दिली कीं, यापुढें चौदा वर्षांपर्यंत केलेलें कर्म पातक म्हणून गणलें जाणार नाहीं. या कथेंत साक्षात् धर्मालाही नेणिवेला शिक्षा केल्याबद्दल शासन झालें आहे. घरांत व शाळेंत छडी उगारणाऱ्यांनीं ती कथा अधूनमधून आठवावी.

आतां आपल्या वेदान्ताशीं या शब्दाचा संबंध कसा आला तो पाहूं. मॅक्स म्यूलर यांच्या संपादकत्वाखालीं प्राच्य धर्मग्रंथांची जी प्रसिद्ध इंग्रजी माला निघाली, तींत ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्याचा अनुवाद १८९० व १८९६ या सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला. अनुवादक जॉर्ज थीबो हे जन्मानें जर्मन; काशीच्या संस्कृत महाविद्यालयांत व पुढें अलाहाबादेस त्यांनीं अध्यापन केलें. पुढें १९०४ सालीं त्यांनींच रामानुजाचार्यांच्या श्रीभाष्याचाही अनुवाद केला. 'अविद्या' या शब्दासाठीं थीबो यांनीं 'नेसिअन्स' हा शब्द योजिला. युरोपांत धर्मपंडितांच्या वादांत वाढलेला हा शब्द अशा रीतीनें शंकराचार्यांच्या सिद्धान्ताचा वाहक झाला, आणि आज इंग्रजी वाचकाला तो भेटलाच तर बहुधा वेदान्तावरील एखाद्या पुस्तकांत भेटतो. आमची अशी कल्पना आहे कीं, 'इग्नोरन्स' या शब्दाला व्यवहारांतील हेटाळणीचा जो वास लागला आहे, तो या गंभीर सिद्धान्ताला लागूं नये, हा या निवडीचा एक फायदा झाला.

तरी पण हा शब्द अविद्येला बरोबर लागू पडतो काय? संस्कृताचा विद्यार्थी येथें थोडा थबकेल. आपल्या वैयाकरणांनीं 'नञ्' म्हणजे नकारवाचक अवयवाचे सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्रशस्तता आणि विरोध. 'अनश्व' म्हणजे घोड्याहून निराळा प्राणी. 'अनुदरा' म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर कृशोदरी कन्या. 'अधर्म' म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असें कांहीं. मग अविद्येंतला 'अ' कोणता? योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत याचें मार्मिक उत्तर आहे. 'अमित्र' म्हणजे मित्राचा अभाव नव्हे, तर प्रत्यक्ष शत्रु. त्याप्रमाणें अविद्या म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हे, तर ज्ञानाच्या विरुद्ध असें एक दुसरेंच ज्ञान. ज्याला मित्र नाहीं तो एकटा असतो, पण ज्याला शत्रु आहे त्याच्या दाराशीं संकट उभें असतें.

अद्वैत वेदान्त्यांनीं याच दिशेनें पुढें जाऊन अज्ञानाला 'भावरूप' म्हटलें. त्याच्या दोन शक्ति त्यांनीं सांगितल्या: आवरण आणि विक्षेप. अंधारांत दोरी दिसत नाहीं हें आवरण. तिच्या जागीं साप दिसतो हा विक्षेप. अक्वायनसची 'नेस्किएन्तिया' फार तर आवरणापर्यंत पोंचते, तीही अर्धीमुर्धी. दोरीच्या जागीं साप उभा करण्याची शक्ति तिच्यांत नाहीं. म्हणून 'नेसिअन्स' हा शब्द अविद्येला तोकडा पडतो, असेंच आम्हांस वाटतें. सदानंदाच्या 'वेदान्तसारां'त अज्ञानाची जी व्याख्या आहे, तिच्या शेवटीं 'यत्किंचित्' असें पद येतें, म्हणजे 'असें कांहींतरी'. हें पद वाचतांना लॅटिनांतील 'नेस्किओ क्विद' या प्रयोगाची आठवण होते. त्याचा शब्दशः अर्थ 'काय तें मी नेणें', आणि व्यवहारांतला अर्थ 'असें कांहींतरी'! रामानुजांनीं या भावरूप अविद्येवर सात आक्षेप घेतले. आणि आमच्या ज्ञानेश्वरमहाराजांनीं 'अमृतानुभवां'त अज्ञानखंडनाला एक संपूर्ण प्रकरण दिलें, इतकेंच नव्हे तर त्याच्या पाठोपाठ ज्ञानखंडनाचेंही प्रकरण लिहिलें. या थोरांच्या वादांत पडण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, न जाणण्याच्या तीन पायऱ्या आहेत. वस्तु आहे हेंच ठाऊक नसणें ही नेणीव. आहे हें ठाऊक असून ती न जाणणें हें अज्ञान. आणि भलत्यालाच ती वस्तु समजून बसणें हा विपर्यास.

विषय जरा जड झाला. म्हणून याच कुळांतील एका हलक्याफुलक्या शब्दाची गोष्ट सांगतों. आज आपल्या घरोघरीं मुलें ज्याला त्याला 'नाइस' म्हणतात. पोळी नाइस, झगा नाइस, पाहुणे नाइस. हा 'नाइस' म्हणजे दुसरा कोणी नसून आपल्या नेसिअन्सचा सख्खा भाऊ. लॅटिन 'नेस्किउस' म्हणजे नेणता. तो जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला तेव्हां त्याचा अर्थ मूर्ख, बावळट असा होता. पुढें तो भित्रा झाला, मग नाजूक, मग चोखंदळ, मग सूक्ष्म व काटेकोर, आणि अखेर अठराव्या शतकांत सुखद, छान असा झाला. तो इतका बोकाळला कीं, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरींत जेन ऑस्टिननें आपल्या नायकाकडून त्याची मनसोक्त थट्टा करविली आहे. मूर्ख शब्दाचा छान कसा झाला याचें नवल वाटत असेल तर आपल्या 'मुग्ध' शब्दाकडे पाहावें. 'मुह्' धातूपासून 'मूढ' झाला तसाच 'मुग्ध' झाला. एक मूर्खच राहिला; दुसरा आधीं गोंधळलेला, मग भोळा, मग निष्पाप आणि शेवटीं सुंदर झाला. साहित्यशास्त्रांत त्याचीच नायिका झाली. कोवळ्या नेणतेपणांत कांहीं मोहक असतें, हें रोमच्या वारसांना आणि संस्कृत कवींना वेगवेगळ्या वाटांनीं उमगलें, असें यावरून दिसतें.

आतां या साऱ्याचा व्यवहारांत उपयोग काय तें सांगतों. आमचें आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें आहे, म्हणून उदाहरण तेथलेंच घेतों. खालच्या इयत्तेंतील मुलाला विचारा कीं, तीनांतून पांच गेले तर किती? तो म्हणतो, 'जात नाहींत.' हें उत्तर चुकलें असें कोणीं म्हणूं नये. शून्याच्या खालींही संख्या असतात हें त्याला कोणीं सांगितलेलेंच नाहीं. त्याच्या जगांत त्या नाहींतच. ही नेणीव. पुढच्या इयत्तांत ऋण संख्या शिकविल्या, फळ्यावर मांडून दाखविल्या, आणि तरी अभ्यास न करितां तो तेंच उत्तर देऊं लागला, तर तें अज्ञान. आणि उत्तर 'दोन' असें देऊन तो त्याच उत्तराचा अभिमान बाळगूं लागला तर तो विपर्यास. या तिघांना एकच 'ढ' हा शब्द लावणें, एकच रागावणें, एकच शिक्षा करणें, हा अन्याय आहे. पहिल्याला शिकवावें, दुसऱ्याला दटावावें, आणि तिसऱ्याशीं वाद करून त्याच्या मनांतला साप आधीं दूर करावा. पुष्कळ घरांत मात्र याच्या उलट घडतें. 'एवढें सुद्धां ठाऊक नाहीं?' हा प्रश्न बहुधा पहिल्यालाच ऐकून घ्यावा लागतो. ज्याला त्या 'एवढ्या'चा पत्ताच नव्हता, तो यावर काय बोलणार? तो गप्प बसतो. आणि पुढें न विचारतां गप्प बसण्याचीच त्याला संवय लागते.

येथें शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावर उपस्थित केलेली शंका आठवते. ब्रह्म ठाऊक असेल तर त्याची जिज्ञासा कशाला, आणि मुळींच ठाऊक नसेल तर जिज्ञासा होणार कशी? समाधान असें कीं, तें सामान्यतः ठाऊक आहे, विशेषतः ठाऊक नाहीं. म्हणून जिज्ञासेला वाव आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो यानेंही आपल्या 'मेनो' नांवाच्या संवादांत हाच पेंच घातला आहे. यावरून निघणारी गोष्ट शिक्षकाच्या मोठ्या कामाची आहे. संपूर्ण नेणिवेला प्रश्नच पडत नाहीं. प्रश्न पडावयास आपल्याला कांहींतरी ठाऊक नाहीं एवढें तरी ठाऊक व्हावें लागतें. टी. एच्. हक्स्ले यानें १८६९ सालीं 'अग्नॉस्टिक' हा शब्द बनविला तो अशाच माणसासाठीं, म्हणजे आपण जाणत नाहीं हें जो जाणतो त्याच्यासाठीं. त्याला नेणता म्हणतां येणार नाहीं. म्हणून आम्ही असें म्हणतों कीं, मुलाच्या नेणिवेचें आधीं जाणतें अज्ञान करणें, हें शिक्षणाचें पहिलें काम होय. ज्ञान त्याच्या मागून येतें. अलीकडे हातांतल्या दूरध्वनियंत्रावर जगांतील सारी माहिती क्षणांत मिळते खरी. पण तें यंत्रही विचारलेल्याचेंच उत्तर देतें. जें विचारावें हेंच मुलाला सुचत नाहीं, तें सुचविण्यासाठीं कोणी तरी जाणतें माणूस जवळ लागतें.

हीच गोष्ट आयुष्याच्या दुसऱ्या टोंकालाही लागू आहे. सन १९१४ मध्यें पॅरिस येथील मज्जारोगतज्ज्ञ जोझेफ बाबिंस्की यानें एक नवा शब्द प्रचारांत आणिला: 'अनोसोग्नोसिया'. ग्रीक भाषेंत 'नोसोस' म्हणजे रोग आणि 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान. त्याआधीं नकाराचा 'अ'. आपल्या रोगाचें अज्ञान, असा त्याचा सरळ अर्थ. ज्यांची डावी बाजू अर्धांगवायूनें लुळी पडली आहे असे कांहीं रोगी आपल्याला कांहीं झालेंच नाहीं असें मानतात, हें त्यानें दाखवून दिलें. हात उचला म्हटलें तर आपण तो उचलला असेंही त्यांतले कांहीं सांगतात. हें खोटें बोलणें नव्हे व हट्टही नव्हे. मेंदूच्या ज्या भागानें रोगाची जाणीव करून द्यावयाची, त्यालाच इजा झालेली असते. स्मृतिभ्रंशाच्या विकारांतही पुष्कळ वेळां असेंच घडतें. आपण तीच गोष्ट चौथ्यांदा विचारीत आहों, हें विचारणाऱ्याला ठाऊक नसतें. औषध घेतलें नसतां घेतलें म्हणणारे आजोबा, जेवण झालें असतां 'मला कोणी वाढलें नाहीं' म्हणणारी आजी, यांच्यावर घरांतलीं माणसें चिडतात, त्यांना पुराव्यानिशीं खोटें पाडावयास जातात. पुरावा अज्ञानापुढें चालतो. या नेणिवेपुढें चालत नाहीं. त्या वृद्ध मनाच्या ठायीं शिकविणें संपलेलें असतें. उरतें तें सांभाळणें. येथें आपल्या आजीचेंच 'नेणतें' हें विशेषण मोठ्या माणसांनाही लावावें लागतें, आणि त्यासरशीं रागाची जागा ममता घेते.

मग दोष कोणाला द्यावयाचा? तो ज्याला कळूं शकत होतें व ज्यानें कळून घेतलें नाहीं, त्याला. शेजाऱ्याच्या घरांतलें दुःख भिंतीपलीकडून ऐकूं येत असतां ज्याला तें कधीं कळलें नाहीं, तो नेणता नव्हे. आपल्या वृद्ध आईला ऐकूं कमी येतें हें ज्याच्या दोन वर्षें ध्यानांत आलें नाहीं, तोही नेणता नव्हे. मूल महिनाभर अबोल झालें आहे आणि वडिलांना त्याचें कारण विचारावयास सवड झाली नाहीं, तेथें नेणतेपणाची सबब वडिलांनीं सांगूं नये. मोठ्यांचें अज्ञान बहुतेक वेळां 'इग्नोर' या क्रियापदाच्या आजच्या अर्थाचें असतें, आणि लहानांचें बहुतेक वेळां जुन्या अर्थाचें. परंतु शिक्षा मात्र लहानांच्याच वांट्याला येते.

'नेसिअन्स' हा शब्द आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या बोलण्यांत उद्यांपासून यावा, अशी आमची मुळींच अपेक्षा नाहीं. इंग्रजांनींही तो कोशांतच ठेविला आहे. परंतु 'नेणीव' आणि 'नेणता' हे आपले शब्द मात्र हरवूं देऊं नयेत. अलीकडे समीक्षक व मानसशास्त्राचे अभ्यासक मनाच्या अबोध भागाला 'नेणीव' म्हणतात, तें ठीकच आहे. पण स्वयंपाकघरांतील व ओसरीवरील तिचा जुना अर्थही जागता राहावा. कारण शब्द गेला म्हणजे त्याच्याबरोबर भेद जातो, आणि भेद गेला म्हणजे सर्वांना एकाच छडीनें हाणणें सोपें होतें. यापुढें घरांत कोणावर 'तुला हें ठाऊक कसें नाहीं' म्हणून आवाज चढूं लागला, तर वाचकांनीं क्षणभर थांबून आधीं स्वतःलाच एवढें विचारावें: हें त्याला कधीं कोणीं सांगितलें होतें काय, आणि सांगितलेलें त्याला आज आठवूं शकतें काय?